रागी मुद्दे: अकरावी खेप

अखेर जमली! ओलं बोट टेकवलं, गोळा चिकटला नाही. मुद्दे, म्हणजे कर्नाटकातला नाचणीच्या पिठाचा शिजवून घोटलेला गोळा, शिजल्याची ही खूण मला शेजारच्या अज्जींनी सांगितली. त्या मूळच्या कर्नाटकातल्या मंड्याकडच्या, लहानपणापासून दोन्ही वेळा हेच जेवलेल्या.

प्रमाण लिहून ठेवते. एक वाटी नाचणीचं पीठ, दोन वाट्या पाणी, मीठ. त्यातलं चमचाभर पीठ आधी गार पाण्यात कालवून पेज करायची. ती उकळली की उरलेलं पीठ मधोमध ढिगासारखं ओतायचं आणि चार-पाच मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. मोदकाची उकड काढायच्या सवयीनं मी लगेच ढवळत होते, त्यामुळे आत कोरड्या गुठळ्या राहायच्या. पहिल्या पाच खेपा त्यातच गेल्या. नाचणीत ग्लूटेन नसतं; गोळा धरून ठेवतो तो नीट शिजलेला स्टार्चच. मग भांडं घट्ट धरून मुद्दे कोलूनं, म्हणजे लाकडी दांड्यानं, जीव लावून घोटायचं. झाकून दोन मिनिटं वाफ, आणि ओल्या हातानं गोळा.

सातव्या खेपेला मऊपणाच्या हौसेनं पीठ कापडातून चाळलं. गोळा तुकतुकीत झाला, पण कोंडा गेला. नाचणीचं कॅल्शियम आणि तंतू बरेचसे त्या सालीतच असतात. पुन्हा चाळणार नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. माझ्या गोळ्याला ७५ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे २६० मिलिग्रॅम झालं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० आहे. अर्थात सगळं अंगी लागत नाही, धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्यातलं काही अडवून धरतं.

मोड आणले की फायटेट कमी होतं, म्हणून आठव्या खेपेला मोडाच्या नाचणीचं पीठ घेतलं. गोळा वळलाच गेला नाही! मोड येताना अमायलेज हे एन्झाइम जागं होतं आणि स्टार्च तुटतो, मग बांधून ठेवणारं काही उरत नाही. ते पीठ सत्त्वाला आणि आंबिलीला फार छान.

अज्जी म्हणाल्या, "मोड मुद्देत कशाला घालतेस? सारूत घाल." तेव्हापासून सोबत मोडाच्या हुलग्यांचं सारू, म्हणजे पातळ आमटी, करते. नाचणीत प्रथिनं शेकडा सातच, त्यात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी. ती उणीव हुलगे भरून काढतात. वर लिंबू पिळते, लोह शोषलं जायला मदत होते.

बाबांना मधुमेह आहे. नाचणी म्हणून कितीही खावी, असं मला पटत नाही. बारीक दळून इतकं शिजवलेलं पीठ साखर चढवतंच. त्यांचा गोळा लिंबाएवढा, सारू मात्र वाटी भरून.

पुढच्या रविवारी बस्सारू. तूरडाळ आणि दंटिन सोप्पु, म्हणजे आपला माठ, एकत्र शिजवायचा. गाळलेल्या पाण्याचं सारू, उरलेल्याची परतून भाजी. माठ आणून ठेवायचा आहे.