समुद्र चढला म्हणून खाजन खारट?

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधाचे विषय ठरवायची वेळ आली की तेच ते विषय टेबलावर येतात. किनारा कसा सरकला, खाणींच्या गाळाने नदी किती गढूळ झाली, सड्यांवरचं गवत कुठे गेलं. विषय चांगलेच असतात. घोटाळा होतो तो मापाचा. किनाऱ्याचंच घ्या. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा. पुळणीचा उतार तिसाला एक असेल आणि दोन चित्रं घेतली तेव्हाच्या पाण्यात दोन मीटरचा फरक असेल, तर वाळूचा कणही न हलता पाण्याची रेषा ६० मीटर सरकलेली दिसते. प्रबंधात मात्र ‘धूप’ म्हणून लिहून येतं.

एका विद्यार्थिनीचा विषय होता समुद्रपातळीची वाढ आणि खाजनांमधली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतांमधली, क्षारता. जागा गोव्यातल्या तिसवाडीतली, मांडवी नदीच्या एका फाट्यावरची. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली उंचीची माहिती तिने उतरवून घेतली होती, पाणी एक मीटरने चढवलं होतं आणि खाली येईल तो भाग निळा रंगवला होता. नकाशा देखणा होता. पण ही उंची पूर्ण मीटरांत येते आणि तिच्यात कित्येक मीटरांची चूक गृहीतच धरलेली असते. शिवाय रडारला कांदळवनाचा आणि माडांचा शेंडा दिसतो, खालचा चिखल नाही. आणि मुळात खाजन आजही भरतीच्या पातळीखालीच असतं. ते पिकतं ते बांध आणि मानस (बांधातलं झडपांचं दार) यांच्या जिवावर. नकाशात ना बांध होता, ना मानस.

म्हणून मार्चमधल्या अमावस्येच्या भरतीला सगळ्या विद्यार्थ्यांना घेऊन खाजनात उतरलो. अमावस्या मुद्दाम निवडली होती. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, इथे भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, भांगेच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत तो निम्म्यावर येतो. मानस गळत असेल तर ती उधाणालाच पकडायची. वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून काढली आणि त्यात अर्धा-पाऊण तास मिळवला, कारण भरती नदीतून वर यायला वेळ घेते. (मांडवीत ती थेट गांजेपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर आत जाते.) तक्त्यातला उंचीचा आकडा वापरताना सांभाळावं लागतं. तो सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो, सागरी नकाशांच्या शून्यापासून असतो, आणि मुरगावला या दोहोंत सुमारे १.३ मीटरचं अंतर आहे. ते न वजा करता बांधाच्या उंचीशी तुलना केली की अख्खं गाव बुडतं.

हातातला जीपीएस उंचीसाठी बॅगेतच ठेवायला लावला. आडव्या जागेसाठी तो ठीक, उभ्या मापाला निरुपयोगी. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), तिवई आणि चार मीटरची पट्टी एवढ्यावर काम झालं. आम्हाला समुद्रसपाटीपासूनची खरी उंची लागतच नव्हती; मानशीच्या दगडी उंबऱ्याला शून्य धरलं आणि बाकी सगळं त्याच्या वर-खाली मोजलं. खाजनात तिवई खचते, वाचन घेता घेता बुडबुडा सरकतो. तिन्ही पायांखाली फळीचे तुकडे घालायचे आणि यंत्राजवळ एकट्यानेच उभं राहायचं. पट्टी बदलबिंदूवर (यंत्र पुढे हलवताना जिथे पट्टी तशीच राहते तिथे) ठेवताना चिखलात नाही, जांभ्या दगडावर. मागचं आणि पुढचं अंतर पावलांनी सारखं राखायचं आणि एका टप्प्यात ४०-५० मीटरच्या पलीकडे जायचं नाही, दुपारच्या उन्हात पट्टीवरचे आकडे नाचायला लागतात. उंबऱ्यापासून निघून बांधावरून, शेतातून, मागच्या रस्त्यापर्यंत जाऊन परत उंबऱ्यावर आलो. फेरी सव्वा किलोमीटरच्या आतली, परत उंबऱ्यावर मिटताना उंचीत फरक ९ मिलिमीटर. १२ गुणिले किलोमीटरांचं वर्गमूळ या नेहमीच्या नियमाने १३ पर्यंत चाललं असतं.

दुसरी जोडी मानशीवर. एक मोजपट्टी नदीच्या बाजूला, एक आत पोंयीत (मानशीमागच्या खोलगट तळ्यात), दर पंधरा मिनिटांनी दोन्हींचं वाचन. मानशीची रचना पाहण्यासारखी असते. लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं. फळ्यांच्या फटीत चिखल आणि पेंढा बसवलेला. भरती पुरी होईपर्यंत बाहेरचं पाणी पावणेदोन मीटर चढलं, आतलं सहा सेंटिमीटर. म्हणजे मानस गळत होती, पण मुलं समजत होती तेवढी नाही. मासळीसाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं जातं अशीही तक्रार खाजनांत नेहमी ऐकू येते. तिचा निकाल एका दिवसाच्या वाचनाने लागत नाही.

मातीचे नमुने गिरमिटाने, शून्य ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर. एक भाग वाळवलेली माती, पाच भाग ऊर्ध्वपातित पाणी, ढवळून निवळ झाल्यावर विद्युतवाहकता; मीठ जास्त तितकी ती जास्त. मीटर आधी १.४१३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या प्रमाण द्रावणात बसवून घ्यायचा, आणि तेही सावलीत, कारण तापमानाच्या एका अंशाला सुमारे दोन टक्के फरक पडतो. भाताचं उत्पन्न मातीची वाहकता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की घटू लागतं, हा आकडा पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. तो संपृक्त मातीच्या लगद्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. एकास पाचच्या द्रावणात तीच माती कितीतरी कमी दाखवते. ही दोन मापं सरळ शेजारी ठेवून ‘क्षारता धोक्याच्या खाली’ असा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी वाचले आहेत.

मानशीजवळ आकडे चढे असणार हे उघड होतं, तसे ते होतेही. आत सरकलो तसे उतरले. आणि मग नदीपासून सर्वांत लांब, रस्त्याच्या भरावाला लागून असलेल्या तुकड्यात ते मानशीजवळच्यापेक्षाही वर गेले. जमिनीवर पांढरा फुलोरा, कोरगुटाची (खारेपणा सोसणाऱ्या भाताची) जुनी धसकटंसुद्धा नाहीत, नुसतं खारं गवत. मीटर बिघडला म्हणून मुलांनी तो पुन्हा प्रमाण द्रावणात बुडवून पाहिला. मीटर ठीक होता. मानस सांभाळणारे काका बांधावरून हे सगळं बघत होते. “थंय उदक वचपाक वाट ना, पायप भरला,” ते म्हणाले, म्हणजे तिथे पाण्याला जायला वाट नाही, आणि भरावाखालचा नळ दाखवला.

तो तुकडा भरावाच्या पलीकडे पडतो आणि तिथलं पाणी पोंयीकडे यायला तेवढा एकच नळ. नळाचा तळ लेव्हलने घेतला तर शेतातल्या सखल जागेपेक्षा २२ सेंटिमीटर वर. त्यात निम्मा गाळाने भरलेला. खाजनात मीठ दरवर्षी येतंच; जून-जुलैचा पाऊस ते धुऊन मानशीतून बाहेर काढतो आणि मग लावणी होते. इथे पाऊस मीठ विरघळवतो, पाणी तुंबतं, पावसाळ्यानंतर आटतं आणि मीठ जागच्या जागी राहतं. २२ सेंटिमीटरचा हा फरक पूर्ण मीटरांत मोजणाऱ्या नकाशात सापडणं शक्यच नव्हतं.

विषयाचं नाव बदलून ‘खाजनातील निचरा आणि क्षारतेचं वितरण’ असं ठेवलं. समितीतल्या एकांना ते फिकं वाटलं. हवामानबदल शीर्षकात असता तर बरं, असं त्यांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. समुद्र चढतो आहे यात शंका नाही, आणि तो चढेल तसा ओहोटीला मानस उघडी राहण्याचा वेळ कमी होत जाईल. तो परिणाम मोजायचा तर निचऱ्याचाच हिशेब लागतो, आणि तो हिशेब या प्रबंधात आहे.

मार्चचे आकडे मात्र एकट्याने पुरेसे नाहीत. उन्हाळ्यात मीठ केशाकर्षणाने वर येऊन पहिल्या थरात साठतं. भाताच्या मुळांना लागतं ते लावणीच्या वेळचं. म्हणून त्याच खुणांवर, त्याच खोलीचे नमुने पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि लावणीच्या आठवड्यात एकदा घ्यायचे ठरलं. खुणेच्या काठ्या बांबूच्या ठोकल्या आहेत, कारण लोखंडी सळया जूनपर्यंत कोणीतरी उपटून नेतं. नळ साफ करण्याचा अर्ज कूळ संघाने (खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेने) द्यायचा आहे. तो मंजूर होऊन नळ उपसला गेलाच, तर त्याआधीचं एक वाचन हातात असावं, एवढी घाई आहे.