मामा, तू किती हेड मारलं असशील?

परवा भाच्याला आणायला पेठेतल्या मैदानावर गेलो तर फुटबॉलच्या कॉर्नरची प्रॅक्टिस चालली होती. बारा वर्षांची पोरं रांगेत उभारून एकामागनं एक हेड मारतायत. मी सहज मोजत बसलो, भाच्याचे एकट्याचे 23 झाले. एकानं ऐनवेळी मान काढून घेतली तर बाकीची "घाबरलास व्हय रं" करत तुटून पडली त्याच्यावर.

मला जरा लाजच वाटली, कारण मी स्वतः स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, आयुष्यभर हेच बोलत आलोय. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच, पायऱ्या फुल्ल, समोरच्या गोलकीपरची किक आभाळातनं येतेय आणि तू बाजूला सरकलास की संपलास, वर्षभर कट्ट्यावर तोच विषय. एकदा हवेत दोघांची टाळकी धडकली, मला स्कोअर कितीय तेच आठवेना. तोंडावर पाणी मारलं, "चल, काय हुत नाय" आणि परत आत. आपण जिंकलो हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉम क्लबचा जेफ ॲस्टल हेडरसाठीच गाजलेला, 2002 ला 59 व्या वर्षी गेला, आणि चौकशीत कामामुळं झालेला मेंदूचा आजार अशी नोंद झाली. मग 2019 ला ग्लासगोत 7,676 जुन्या स्कॉटिश प्रोफेशनल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तर मेंदू झिजण्याच्या आजारांनी जाण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट. पुढं कळलं डिफेंडर सगळ्यात वर, गोलकीपर मात्र चारचौघांसारखेच. हे वाचून स्टॉपरला काय वाटणार सांगा.

आता ते प्रोफेशनल, आपण हौशी, मान्य. कट्ट्यावर म्हणतात जुना चामड्याचा बॉल पाणी पिऊन जड व्हायचा, आताचा हलका. हलका कुठला, आजपण 410 ते 450 ग्रॅमच, फक्त पाणी पीत नाही आणि येतो जोरात. इंग्लंडमध्ये 2021 पासनं हौशी टीमलासुद्धा सांगितलंय, हेडरची प्रॅक्टिस आठवड्यातनं एकदाच, तीपण दहा हेडरचीच. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना तर बंदच. मॅचमध्ये दोन-चार होणारच ओ, पण रोजच्या प्रॅक्टिसला एवढे कशाला?

सरांना बोललो तर म्हणाले, "मग काय कॉर्नरला हात वर करून उभारायचं?" म्हटलं नको, टायमिंग हातानं टाकलेल्या स्पंज बॉलवर पण शिकता येतं की. बघतो म्हणाले.

गाडीवर भाचा मागनं विचारतोय, मामा तू एकूण किती मारलं असशील? नऊ वर्षं, आठवड्याला पाच दिवस, दिवसाला तीसेक... रंकाळ्यापर्यंत हिशोब लावला, मग म्हटलं गप बस, भेळ खाऊया.