बाभळीच्या पोटातलं कडं

गोठ्यामागची बाभूळ मृगाच्या वादळात आडवी झाली, तेव्हा आरामशीनवाल्यानं फोनवरच हात झटकले. "घराजवळचं झाड ना? नाही जमत भाऊ. त्याच्या पोटात खिये असते."

मग मी चेनसॉ आणि तिला लावायची लोखंडी चौकट आणली. चौकट ओंडक्यावरून सरकते, पातं तिच्याखाली ठरल्या अंतरावर चालतं. इंचाची फळी हवी तर अंतर इंचाचं, दोनाची हवी तर दोनाचं. सोपं. फक्त पहिल्या कापाला चौकट टेकवायची कशावर? झाड गोल! शेवटी घरातली शिडी ओंडक्यावर ठोकली आणि तिच्यावरून चौकट नेली. पहिला तुकडा सालीसकट निघाला. त्याला फळी म्हणणं म्हणजे लाडच.

दुसऱ्या वेळी धूर आधी निघाला, भुसा नंतर, तोही पिठासारखा. चेन फांद्या तोडण्यासाठीची होती. तिचे दात तीसेक अंशांवर घासलेले असतात. लाकूड उभं चिरायला दहाच्या आसपास हवेत. अख्खी दुपार कानस घेऊन एकेक दात घासत बसलो. बाभूळ अशीही लाडात येणारी जात नाही, आणि वाळली तर बघायलाच नको. ओली आहे तोवरच चिरून घ्यायची.

शेजारचे वाढईकाका बाजेवर बसून पाहत होते. त्यांच्या उमेदीत खड्ड्यावर ओंडका ठेवून दोघं करवत ओढायचे. वरच्याकडं रेघ सांभाळायचं काम, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. "तुही मशीन तं अर्धं झाड खाते," ते म्हणाले. अर्धं नाही, पण दर कापाला आठ-नऊ मिलिमीटर लाकूड भुशात जातं. पट्ट्याच्या आरामशीनचं दोनेकात भागतं.

चौथी फळी मुद्दाम जाड धरली होती. मधोमध आलो आणि खर्रकन ठिणगी उडाली. दुपारभर घासलेले दात गेले. छिन्नीनं उकरलं तर लोखंडी कडं, झाडानं पुरतं गिळलेलं. भोवतीचं लालसर लाकूड शाई सांडावी तसं काळं पडलेलं. बाभळीतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की असंच होतं.

काका उठून आले, वाकून पाहिलं. "बाप्पा! हे तं म्याच ठोकलं होतं. तुया आज्याचा ढवळ्या बांधाले."

फळ्या आता पडवीच्या सावलीत रचल्यात, मधे पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून. नाहीतर आपल्याकडचं ऊन त्यांना टोकापासून उलवून टाकेल. इंचाला साधारण वर्ष धरतात. काका मात्र रोज सकाळी विचारतात, "वायली का?" काळ्या डागाची जाड फळी त्यांनी नातवाच्या तान्ह्या पोळ्यासाठी, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, मागून ठेवलीय. तिच्यावर खडूनं बैलही काढलाय, डाग बरोबर वशिंडावर येईल असा.