सप्टेंबरातलं कच्छ: निळ्या पक्ष्यांचा घोळ आणि चिखलात रुतलेली गाडी

कच्छ म्हटलं की लोक डिसेंबरात जातात. पांढरं रण, तंबू, पौर्णिमा वगैरे. आम्ही मुद्दाम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. उकाड्यानं जीव नकोसा झाला, तरी परत जायचं तर याच दिवसांत जाईन. मध्य आशियातून आफ्रिकेला निघालेले काश्मिरी नीलपंख, निळ्या गालाचे राघू (पोपट नव्हे, वेड्या राघूचे भाऊबंद), तांबड्या पाठीचे खाटीक हे पक्षी या सुमाराला कच्छमध्ये टेकतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत बहुतेक पुढे गेलेले असतात. थंडीत क्रौंच भरपूर मिळतील, पण ही वाटसरू मंडळी नाही.

मुंबईहून रात्रीच्या रेल्वेनं भूज, तिथून गाडीनं पन्नासेक किलोमीटरवर नखत्राणा. मुक्काम इथेच करा. बन्नीचं गवताळ रान आणि छारी-धंड दोन्ही इथून सोयीचं पडतं. धंड म्हणजे पावसाळ्यात भरणारं उथळ तळं. २००८ साली या भागातलं २२७ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव झालं. सरहद्द लांब नाही, त्यामुळे ओळखपत्र खिशात हवं आणि राखीव क्षेत्रात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी काढायची. सूर्य पुण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा उगवतो; पहिल्या दिवशी आम्ही अंधारात उगाचच जांभया देत बसलो होतो.

पहिल्या सकाळी गांड्या बावळीच्या (आपल्या वेड्या बाभळीच्या) शेंड्यावर एक नीलपंख बसला होता. छाती तपकिरी, तिच्यावर फिकट रेघा. मावसभाऊ म्हणाला, ‘‘आपलाच तास आहे रे, सोलापूरला तारेवर बसतो तो. चल पुढे.’’ मीही वहीत ‘तास’, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा नीलपंख, असं लिहून टाकलं. तेवढ्यात त्या पक्ष्यानं नाकतोडा पकडायला खाली झेप घेतली आणि पंख उघडले. खांद्याकडचा भाग आकाशी, आणि तिथून टोकापर्यंत सरळ काळपट. मध्ये पट्टा नाहीच! आपल्या तासाच्या पंखात गडद निळ्याच्या मधोमध फिकट निळा पट्टा लखकन चमकतो, तो चुकायचाच नाही. म्हणजे हे काश्मिरी नीलपंखाचं पिल्लू, याच वर्षीचं. मोठ्या पक्ष्याचं डोकं-पोट सगळं निळं असतं, पण पिल्लाची छाती मळकट आणि रेघांची, आणि सगळा घोळ तिथेच होतो. तेव्हा बसलेल्या नीलपंखावर शिक्का मारू नका. तो उडेपर्यंत थांबा.

ड्रायव्हरभाई दोघांनाही ‘चाष’च म्हणत. ‘‘एक अपना, एक कश्मीरी,’’ एवढाच त्यांचा फरक, आणि तो ते आमच्या आधी सांगत.

राघूंचंही तसंच. आपला छोटा वेडा राघू लगेच ओळखू येतो. मोठ्यांमध्ये दोन आहेत, निळ्या गालाचा आणि निळ्या शेपटीचा, आणि गालाकडे बघत बसलात तर फसाल, कारण निळा रंग दोघांच्याही गालावर असतो. पाठमोरा होऊ द्या. कंबर आणि शेपूट हिरवी असेल तर निळ्या गालाचा, निळी असेल तर निळ्या शेपटीचा. डोळ्यांतल्या काळ्या पट्टीच्या वर फिकट निळी भुवई आणि कपाळावर पांढरं दिसलं तर पहिल्याचीच खात्री. आम्हाला एका तारेवर अकरा मिळाले, सगळे हिरव्या शेपटीचे.

गाडीतून उतरू नका, हे मी तीनदा चुकून शिकलो. गाडीला पक्षी भीत नाहीत, माणूस खाली उतरला की उडालेच. काच खाली, इंजिन बंद, लेन्स तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवायची. साडेनऊनंतर जमीन तापून हवा थरथरते आणि कितीही महागड्या लेन्सनं काढला तरी फोटो लिबलिबीतच येतो. त्यापेक्षा दुपारी झोपा.

आता चिखलाचं. पावसानंतर बन्नीची जमीन वरून वाळून भेगाळते. छान दिसते. खाली लोण्यासारखा गाळ असतो. मीच ‘‘थोडं आत घ्या ना’’ म्हणून हट्ट धरला आणि मागची दोन्ही चाकं रुतली. म्हशी घेऊन निघालेल्या मालधारींनी (इथल्या गुराख्यांनी) ढकलून बाहेर काढलं, पैसे मात्र घेतले नाहीत. मळलेल्या चाकोरीबाहेर जाऊच नका. गवतात जमिनीवर राहणारे पक्षी असतात, ते चाकाखाली येऊ नयेत हे तर आणखी महत्त्वाचं. चालायचं तर घोट्याच्या वरपर्यंत बूट हवेत. फुरसं इथलंच रहिवासी आहे. प्यायचं पाणी नखत्राण्याहूनच भरून घ्या, माणशी चार लिटर तरी.

शेवटच्या संध्याकाळी एका खडकाळ ओढ्यातल्या डबक्यापाशी बसलो. साध्या पखुर्ड्या (माळरानावरचे कबुतरासारखे पक्षी) सकाळी ऊन चढल्यावर पाण्यावर येतात, चित्रित पखुर्डी मात्र दिवस मावळल्यावर. सात वाजून गेले, दुर्बिणीतही सगळं करडं झालं. मग पंखांचा आवाज, आणि दहा पावलांवर एक जोडी उतरली. नराची चोच नारिंगी, कपाळावर काळे-पांढरे पट्टे, एवढंच दिसलं. बाकीचे रंग अंधारानं खाल्ले होते. फ्लॅश मारायचा मोह झाला होता. मावसभावानं नुसताच माझा हात दाबून धरला.