‘नावं उलटी पडलीत’

११ फेब्रुवारी १९९० हा रविवार होता. मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक होतो. विधानसभेच्या निवडणुकीला जेमतेम पंधरवडा उरलेला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही कचेरीत राबता होता. क्रीडा पानावर नेपियरच्या कसोटीचं राज्य. अझरुद्दीनचा संघ न्यूझीलंडमध्ये होता आणि सोळा वर्षांच्या सचिनकडे अवघ्या मुंबईचे डोळे लागले होते (त्याच कसोटीत तो ८८ वर बाद झाला). टोकियोच्या मुष्टियुद्धासाठी पानाच्या खालच्या अंगाला दोन कॉलमांची जागा होती. जगभरच्या क्रीडा पानांवर त्या दिवशी असंच असणार. माइक टायसन कितव्या फेरीत जिंकला, एवढंच काय ते कळायचं बाकी होतं.

सकाळी दहाच्या आसपास टेलिप्रिंटरची घंटा वाजायला लागली ती थांबेचना. यंत्रावर बसणारे आमचे सहकारी कागद फाडून घेऊन आले. निवृत्तीला आलेले, कधी घाई न करणारे गृहस्थ. म्हणाले, ‘‘अहो, हे बघा जरा. नावं उलटी पडलीत वाटतं.’’

कागदावर एकच ओळ होती. जेम्स ‘बस्टर’ डग्लसने दहाव्या फेरीत टायसनला नॉक आउट केलं होतं.

मी दुसऱ्या वृत्तसंस्थेच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो. तिथेही तेच आलं, आणि पाठोपाठ पहिला सविस्तर टेक, म्हणजे तुकड्यातुकड्याने येणाऱ्या बातमीचा एक हप्ता. नावं बरोबर होती.

आजच्या वाचकाला त्या ओळीचं वजन कळायचं तर टायसन तेव्हा काय होता ते सांगायला हवं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतलं पोर. चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या, वारंवार अटक, मग बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात रवानगी. तिथल्या एका शिक्षकाने, जो स्वतः मुष्टियोद्धा होता, त्याचे हात पाहिले आणि त्याला कॅट्सकिल गावात कस डामाटो नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे नेलं. डामाटोने याआधी फ्लॉइड पॅटरसनला जगज्जेता केलेलं. टायसनची आई वारल्यावर डामाटो त्याचा कायदेशीर पालक झाला. आपल्याकडे वस्ताद तालमीतल्या पोराला घरी ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात आणि पहाटे मेहनतीला उठवतात, तसंच ते घर होतं. दोन्ही मुठी गालांशी घट्ट धरायच्या, डोकं सतत हलतं ठेवायचं, ठोसा चुकवत आत शिरायचं आणि एकामागोमाग एक ठोसे लगावायचे. वजनदार गटात तो बुटका, पण आत शिरला की उंच माणसांना पळायला जागा उरायची नाही.

मार्च १९८५ मध्ये तो व्यावसायिक झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डामाटो वारला. शिष्याला जगज्जेता झालेलं पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगासमध्ये टायसनने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवलं. बर्बिक उठायला गेला, अडखळला, पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. वीस वर्षं चार महिन्यांचा हा पोरगा वजनदार गटाच्या इतिहासातला सर्वांत तरुण विजेता ठरला. १९८७ च्या ऑगस्टपर्यंत तिन्ही प्रमुख संघटनांचे पट्टे त्याच्या कमरेला होते. जून १९८८ मध्ये तोवर एकदाही न हरलेला मायकल स्पिंक्स अवघ्या ९१ सेकंदांत संपला. टोकियोला जाताना टायसनच्या नावावर ३७ लढती आणि ३७ विजय होते, त्यातले ३३ नॉक आउट.

आणि डग्लस? ओहायोतल्या कोलंबसचा उंचापुरा, गुणी, पण मोक्याच्या क्षणी हातपाय गाळणारा अशी त्याची ख्याती. १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत चांगली चालली असताना दहाव्या फेरीत कोसळला होता. लास व्हेगासमध्ये बहुतेकांनी या लढतीवर पैज घ्यायलाच नकार दिला. एका जुगारगृहाने घेतली, तिथे डग्लसचा भाव एकाला बेचाळीस होता.

फोन सुरू झाले. रविवारी सकाळी क्रिकेट सोडून दुसऱ्या कशासाठी इतके फोन आलेले मी पाहिले नव्हते. बहुतेकांना एवढंच विचारायचं होतं, ‘‘खरं का?’’ एक फोन मात्र वेगळा होता. नौदलातून निवृत्त झालेले, मुलांना मुष्टियुद्ध शिकवणारे एक कोच अधूनमधून आमच्याकडे निकाल द्यायला यायचे, त्यांचा. ते म्हणाले, ‘‘पडला ते कळलं. डग्लसने डावा हात कसा चालवला, ते आलंय का? ते आधी वाचून दाखवा.’’

मी टेक वाचत गेलो. पहिल्या फेरीपासून डग्लसचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. टायसनपेक्षा त्याच्या हातांचा पल्ला जवळजवळ फूटभर जास्त. टायसन आत यायला निघाला की तोंडावर डावा, त्यामागून उजवा, आणि अगदीच जवळ आला तर मिठी. पाचव्या फेरीपासून टायसनचा डावा डोळा सुजत चाललेला. आठव्या फेरीच्या शेवटच्या काही सेकंदांत टायसनचा एक अपरकट, म्हणजे खालून वर हाणलेला ठोसा, बसला आणि डग्लस पाठीवर पडला. चिडून त्याने जमिनीवर मूठ आपटली आणि पंचांच्या नऊ आकड्याला उभा राहिला. नववी फेरी त्याचीच. दहाव्या फेरीत आधी एक अपरकट, त्याने टायसनचं डोकं मागे गेलं, आणि मग सलग ठोसे. टायसन व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा खाली पडला.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, ‘‘हे नशीब नाही हो. हे काम आहे. तसंच लिहा.’’

मी बातमी तशीच लिहायला घेतली. वृत्तसंपादकांना ‘टायसन चीतपट’ असा मथळा हवा होता. मला डग्लसचं नाव मथळ्यात हवं होतं. त्यांचं म्हणणं, ‘‘डग्लसला ओळखतं कोण? वाचक टायसनसाठी वाचणार.’’ माझं म्हणणं असं की आज जगाचा विजेता झालाय तो डग्लस, आणि वाचक त्याला ओळखत नसेल तर ओळख करून देणं हेच आपलं काम. लढतीला महिनाही उरला नसताना त्याची आई गेली होती, तरी तो रिंगमध्ये उतरला होता. अशा माणसाचं नाव दुसऱ्या परिच्छेदात टाकायचं मला मान्य नव्हतं.

हा वाद मिटतो न मिटतो तोच दुपारचे टेक आले आणि सगळंच उलटंपालटं झालं. आयोजक डॉन किंग यांनी टोकियोत तक्रार नोंदवली होती. आठव्या फेरीत डग्लस पडला तेव्हा मेक्सिकोचे पंच ऑक्टाव्हिओ मेरान यांनी आकडे मोजायला उशीर केला, वेळाधिकाऱ्याच्या मोजणीप्रमाणे डग्लस तेव्हाच बाद होता, म्हणून खरा विजेता टायसन, असा दावा. आणि पट्टे देणाऱ्या तीन संघटनांपैकी जागतिक मुष्टियुद्ध परिषद व जागतिक मुष्टियुद्ध संघटना या दोन्हींच्या अध्यक्षांनी डग्लसला विजेता म्हणून मान्यता देणं रोखून धरलं. तिसरा, आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघ तेवढा डग्लसच्या बाजूने ठाम राहिला.

तेव्हा मला जो संताप आला तो आजही तसाच आहे. डॉन किंग हे डग्लसचेही आयोजक होते. स्वतःच्याच मुष्टियोद्ध्याने मिळवलेला विजय काढून घ्यायला ते निघाले होते, कारण जूनमध्ये टायसन आणि त्याचा पुढचा आव्हानवीर इव्हँडर होलीफील्ड यांची लढत ठरली होती आणि तिच्यात कोट्यवधी डॉलर गुंतले होते. नियम साधा आहे. खाली पडलेला मुष्टियोद्धा पंचाकडे पाहतो, पंचाच्या तोंडचा आकडा ऐकतो आणि त्याप्रमाणे उठतो. रिंगबाहेर बसलेल्या माणसाच्या घड्याळात काय चाललंय ते त्याला कळायचा मार्ग नाही. डग्लस नऊला उठला, कारण त्याला नऊ ऐकू आलं. त्यानंतर नववी फेरी झाली, दहावी झाली, आणि टायसन दहा मोजून होईपर्यंत उठू शकला नाही.

वृत्तसंपादक म्हणाले, ‘‘मग आता काय छापायचं? ‘निकाल वादग्रस्त’ करू या.’’ बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची वेळ होत आली होती. मी दोन्ही टेक त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, सकाळी जे रिंगमध्ये झालं ते घटना म्हणून वर जाऊ दे आणि दुपारी कचेरीत बसून जे केलं गेलं ते तक्रार म्हणून खाली. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. हा गृहस्थ मूळचा कोल्हापूरचा, खासबागेतल्या कुस्त्या पाहत वाढलेला. ‘‘पंचाने हात वर केला की कुस्ती संपली,’’ असं म्हणून त्यांनी स्वतःच मथळा खोडला आणि लिहिलं, ‘डग्लस विश्वविजेता, टायसन दहाव्या फेरीत चीतपट’. खाली लहान अक्षरांत, ‘दोन संघटनांची मान्यता स्थगित’.

पहिल्या पानावर मला चार कॉलम कबूल झाले होते. रात्री पावणेआठच्या सुमारास नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून बाहेर पडले आणि ते चार कॉलम दोनवर आले. त्याबद्दल माझी तक्रार असण्याचं कारणच नव्हतं. मथळ्याला हात लागला नाही, मला तेवढं पुरेसं होतं. पान चिकटवून जुळवणाऱ्या, पेस्टिंगच्या मुलांनी ब्रोमाईड (मजकूर उमटवलेला फोटोचा कागद) कापून बातमी नव्या जागेत बसवताना टायसनचा फोटो ठेवू की डग्लसचा असं विचारलं. कचेरीच्या संग्रहात डग्लसचा फोटोच नव्हता. त्यामुळे फोटोशिवाय गेली.

लढतीची व्हिडिओ कॅसेट पुढे हाती आली तेव्हा मी ती त्या कोचसाहेबांबरोबर बसून पाहिली. मला टोकियो डोममधली शांतता आधी जाणवली. भरदुपारची लढत, हजारो माणसं, आणि ठोशांचा आवाज ऐकू येतोय. कोचसाहेब मात्र रिंगकडे पाहतच नव्हते. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात टायसनच्या कोपऱ्यात काय चालतं, तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा कॅसेट थांबवली. मुष्टियोद्ध्याचा डोळा सुजला की त्यावर बर्फात ठेवलेली धातूची छोटी इस्त्री दाबून सूज उतरवतात. शाळकरी मुलांच्या स्पर्धेतही कोच ती आणतो. जगज्जेत्याच्या कोपऱ्यात ती नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून, फुग्यासारखा तो मोजा त्याच्या डोळ्यावर धरला होता. कोचसाहेब कळवळून म्हणाले, ‘‘अरे, पोराकडे बघायला कुणी नाही रे तिथे!’’

मला त्या एका चित्रात सगळी हकीकत दिसली. डामाटो १९८५ मध्ये गेला. त्याच्या तालमीतला, टायसनचा मोठा आधार असलेला व्यवस्थापक जिम जेकब्ज मार्च १९८८ मध्ये गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस टायसनने प्रशिक्षक केविन रूनीला काढून टाकलं. रूनी डामाटोचाच शिष्य, टायसनला चार शब्द सुनावू शकणारा. लग्न वर्षभरात मोडलं. आसपास उरले ते हो ला हो करणारे. डोकं हलवणं थांबलं होतं, आत शिरताना जॅब खाणं सुरू झालं होतं, पण समोरचे भीतीनेच हरत असल्यामुळे ते कुणाच्या नजरेला आलं नाही. टोकियोत सरावात ग्रेग पेजने त्याला खाली पाडलं तेव्हाही कुणी हलकल्लोळ केला नाही. डग्लस घाबरला नाही, म्हणून हे सगळं एका दुपारी उघड्यावर आलं.

त्या दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यांवर रांगत तोंडातून पडलेली दातपट्टी शोधतो, सापडल्यावर ती अर्धवट तोंडात कोंबतो आणि उठायला जातो. ते पाहताना मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही. हरतानाही तो उठायला धडपडत होता.

पण त्याच्या उदयास्ताची गोष्ट सांगताना लोक टोकियो आणि तुरुंग एका दमात उच्चारतात, ते मला पटत नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये इंडियानापोलिसच्या न्यायालयाने अठरा वर्षांच्या मुलीवरच्या बलात्काराबद्दल त्याला दोषी ठरवलं आणि तो तीन वर्षं तुरुंगात राहिला. ती बातमीही माझ्याच टेबलावर आली आणि ती क्रीडा पानावर लावायला मी नकार दिला. ते पान खेळातल्या हारजितीचं होतं. त्या मुलीवर झाला तो अत्याचार होता, ‘विजेत्याची शोकांतिका’ नव्हे. पुढे १९९६ मध्ये टायसनने दोन पट्टे परत मिळवले, त्याच वर्षी होलीफील्डकडून हरला, १९९७ मध्ये त्याच होलीफील्डचा कान चावला, २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००५ मध्ये केविन मॅकब्राइडसमोर सातव्या फेरीला उठलाच नाही.

डग्लसचं विजेतेपदही टिकलं नाही. त्याच ऑक्टोबरात तो २४६ पौंड वजन घेऊन होलीफील्डपुढे उतरला आणि तिसऱ्या फेरीत हरला. काही सहकारी तेव्हा मला म्हणाले की बघा, टोकियोत लागला तो मटकाच होता. मी त्यांना कॅसेट पाहायला बोलावलं.

राहता राहिली त्या तक्रारीची गोष्ट. जगभरातून इतकी टीका झाली की काही दिवसांतच दोन्ही संघटनांनी माघार घेतली आणि डग्लसला निर्विवाद विजेता म्हणून मान्यता दिली. एव्हाना वृत्तसंस्थेकडून त्याचा फोटोही आला होता. हात उंचावलेला, घामाने चिंब. मी तो तीन कॉलमांत लावला आणि पानाची पहिली प्रत कोचसाहेबांसाठी बाजूला काढून ठेवली.