तुम्ही विचारलंत म्हणून: ती ओरखड्यांची कॉपी कशाला पाहता?

गप्पांची गाडी ‘स्टार वॉर्स’वर आली की हा प्रश्न ठरलेला. सिनेमा घरबसल्या फोर-केमध्ये दिसतो, मग चाहत्यांनी जुन्या रिळांवरून उतरवलेली ती ओरखड्यांची कॉपी कशाला?

कारण घरबसल्या दिसतो तो 1977चा सिनेमा नाहीच. 1981च्या पुनर्प्रदर्शनात सुरुवातीच्या सरकत्या मजकुरावर ‘एपिसोड फोर’ चढलं. 1997 मध्ये सिनेमाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी ‘स्पेशल एडिशन’ काढली, सिनेमातल्या मॉस आइजली गावाच्या रस्त्यावर संगणकी जनावरं सोडली आणि पूर्वी कापलेला, जबा या गुंडाचा प्रसंग परत घातला. (जबाचा माणूस ग्रीडो नुकतंच जे बोलून गेला तेच जबा पुन्हा ऐकवतो. कापला होता तो उगाच नाही.) पूर्वी नायकांपैकी एक, हॅन सोलो, ग्रीडोला सरळ उडवायचा. आता ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि टेबलापलीकडून त्याचा नेम चुकतो! 2004 मध्ये त्या प्रसंगावर पुन्हा हात फिरला, 2019 मध्ये आणखी एकदा.

मला खरी खटकते ती वेगळीच गोष्ट. 1978 साली या सिनेमाला संकलनाचं आणि दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. ज्या कामाला ते मिळालं, त्यातलंच काही पुसून त्यावर नवं चढवलंय. आणि याच लुकस यांनी 1988 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर, नफ्यासाठी किंवा सत्तेच्या जोरावर कलाकृतीत फेरफार करणाऱ्यांना रानटी ठरवलं होतं.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा बजावलं होतं, की हिच्यात कुणी आपली ओवी घुसडली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली म्हणून समजा. इथे पंचाईत अशी, की नरोटी ठेवणारा खुद्द कर्ताच.

मग चाहत्यांनी काम हाती घेतलं. हार्मी या टोपणनावाच्या एका चेक चाहत्याने 2011च्या ब्ल्यू-रेचा पाया धरून, बदललेला एकेक शॉट इतर ठिकाणांहून मिळवून पुन्हा बसवला. 2006च्या अधिकृत डीव्हीडीसोबत मूळ आवृत्ती जोडडिस्क म्हणून दिली होती, पण तीही लेझरडिस्क या डीव्हीडीआधीच्या तबकडीसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून. ‘फोर-के-77’ ही आवृत्ती करणाऱ्या दुसऱ्या चाहत्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी 1977ची थिएटरात चाललेली 35 मिलीमीटरची टेक्निकलर प्रिंटच स्कॅन केली. त्या काळच्या नेहमीच्या रंगीत प्रिंटा काही वर्षांत गुलाबी पडतात. टेक्निकलरच्या पद्धतीत रंग छपाईसारखे एकावर एक फिल्मवर उतरवतात, म्हणून ते टिकतात. लंडनच्या कारखान्यात ती पद्धत तेव्हा अजून चालू होती, हे नशीब.

हार्मीची आवृत्ती दिसायला सुबक, पण ती ठिगळकाम आहे. माझं मत ‘फोर-के-77’ला. त्यात नायक ल्यूकची लँडस्पीडर, म्हणजे जमिनीवर तरंगणारी गाडी, वाळूवरून जाते तेव्हा गाडीखाली एक नारिंगी, फेसाळ डाग तरंगताना दिसतो. चित्रीकरणातल्या गाडीला चाकं होती आणि ती झाकायला लेन्सच्या खालच्या भागावर व्हॅसलीन फासलं होतं! 1997 मध्ये तो डाग संगणकाने साफ केला आणि खाली नेटकी सावली घातली. दिसतं छान. पण माणसांनी ती गाडी कशी ‘उडवली’ हे त्या डागातच कळतं.

चाहत्यांची सगळीच कामं मला पसंत आहेत असं नाही. याच मालिकेतल्या ‘फँटम मेनेस’मधले जार जार या विनोदी पात्राचे बरेच प्रसंग कापून छोटी केलेली आवृत्ती 2000च्या सुमारास हातोहात फिरली. गंमत म्हणून ठीक. पण मूळ काय होतं ते शोधणं निराळं आणि मला काय आवडलं असतं ते करून बघणं निराळं. दुसऱ्या प्रकाराला मी वेळ देत नाही.

पुढचा प्रश्न कायद्याचा. सिनेमाचे हक्क कंपनीचे, परवानगी या चाहत्यांपैकी कुणाकडे नाही, हे स्वच्छच आहे. निदान अधिकृत डिस्क विकत घेऊन मगच हे पाहा, असं या मंडळींत सांगितलं जातं. माझ्याकडे ती आहे. अधिकृतपणे मूळ सिनेमा पाहायचा योगही क्वचित येतो. 2025च्या जूनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनमध्ये 1977ची टेक्निकलर प्रिंट पडद्यावर दाखवली. तशी इथे कुणी दाखवली तर पहिलं तिकीट माझं.

लिंक मात्र मागू नका, देणार नाही.