बूस्टवर लीन जाणारी गाडी: पंप बदलण्याआधी काय मोजायचं

खालच्या आरपीएमला गाडी व्यवस्थित खेचते. साडेपाच हजारांच्या पुढे मात्र वाइडबँडवर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनच्या सेन्सरवर, लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; वाढला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी) ०.७८ वरून ०.८७ कडे सरकू लागतो, मग एखादा झटका बसतो आणि पिकअप मरतो. टर्बो बसवलेल्या किंवा बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या गाडीत असं झालं की संशयाची सुई आधी पेट्रोलच्या पंपाकडे वळते. मोठा पंप बसवला जातो, आणि बऱ्याच गाड्यांत आकडा जिथल्या तिथे राहतो. वाइडबँडला एवढंच कळतं की एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरला आहे. तो पेट्रोल कमी पडलं म्हणून उरला, प्लगची ठिणगी विझली म्हणून उरला, की एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली गेली, हे तो सेन्सर सांगू शकत नाही. म्हणून पहिलं माप दाबाचं घ्यायचं. आणि दुखणं सापडेपर्यंत पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या बंद. बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे सर्वात कमी पातळीवर, आणून ठेवावा, कारण लीन मिश्रणावर पिस्टनची कड वितळायला चार-पाच सेकंदही पुरतात.

इथे 'दाब' म्हणजे रेलवरच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) गेजचा नुसता आकडा नव्हे. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचा. पेट्रोल वाहतं ते या दोहोंतल्या फरकामुळे. रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या गाडीत रेग्युलेटर हाच फरक कायम ठेवतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून बेस प्रेशर (मूळ दाब) ३ बारवर लावलं असेल, तर आयडलला मॅनिफोल्डमध्ये उणे ०.६ बार असताना रेलवर २.४ दिसायला हवेत आणि १.५ बार बूस्टला ४.५. दोन्हीकडे फरक ३ बारच. बूस्टवर रेल ३.९ लाच अडकली, तर गेजकडे बघणाऱ्याला 'दाब वाढतोय की' असंच वाटतं. प्रत्यक्षात फरक २.४ वर आलेला असतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल साधारण साडेदहा टक्क्यांनी घटतं. ०.७८ चा ०.८७ होतो तो नेमका एवढ्यानेच.

त्यामुळे बॉनेटखाली डकवलेलं गेज बेस प्रेशर लावण्यापुरतं ठीक, निदानाला ते पुरत नाही. रेलवर ० ते १० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर बसवून तो ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) मोकळ्या ॲनालॉग इनपुटला जोडावा, आणि रेल प्रेशर, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), आरपीएम, लॅम्डा, इंजेक्टर ड्युटी (चक्रातला किती टक्के वेळ इंजेक्टर उघडा असतो ते) व बॅटरी व्होल्टेज एकाच लॉगमध्ये घ्यावं. वजाबाकी करताना एक चूक हमखास होते. मॅप सेन्सर निरपेक्ष दाब सांगतो, रेलचा सेन्सर बहुधा गेज दाब. मॅप २५० किलोपास्कल आणि रेल ४५० असेल तर फरक २०० नसून ३०० आहे, कारण मॅपमधून वातावरणाचे १०० आधी वजा करावे लागतात.

आता आलेख वाचायचा. फरकाची रेघ सपाट असेल तर पंप, फिल्टर, रेग्युलेटर सगळे सुटले. पुढचा शोध इंजेक्टर, ट्यून (ईसीयूत भरलेले पेट्रोलचे आकडे) आणि इग्निशनमध्ये. रेघ खालच्या आरपीएमला सपाट राहून वर हळूहळू उतरत असेल, तर प्रवाह अपुरा पडतोय: पंप, त्याला मिळणारं व्होल्टेज, फिल्टर किंवा नळीचा व्यास. बूस्ट सुरू होताक्षणीच फरक घसरायला लागला आणि आरपीएमशी त्याचं काही देणंघेणं दिसलं नाही, तर रेग्युलेटरपर्यंत बूस्ट पोहोचतच नाही. नळी तडकलेली असते, क्लॅम्पशिवाय निसटलेली असते, किंवा थ्रॉटलच्या चुकीच्या बाजूला जोडलेली असते. ही नळी थेट मॅनिफोल्डवरून, स्वतंत्र घ्यावी. बूस्ट गेज, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर एकाच टी-जोडावर टांगू नयेत. तीच नळी काढल्यावर आत पेट्रोल सापडलं तर डायफ्राम फाटला आहे, मग आयडलला गाडी रिच (पेट्रोल जास्त) का होती याचंही उत्तर तिथेच मिळतं. रेघ कड्यावरून पडल्यासारखी एकदम कोसळत असेल तर वायरिंग, पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह किंवा टाकीत पंपाने हवा ओढणं, या तिघांपैकी एक. आणि बेस प्रेशर ३ वर उतरायलाच तयार नसेल, स्क्रू सैल करूनही ३.६ च्या खाली जात नसेल, तर नव्या मोठ्या पंपाचं पेट्रोल जुन्या अरुंद रिटर्न लाइनमधून परत जाऊ शकत नाही. रेग्युलेटर बदलून हे सुटत नाही, रिटर्न मोठी करावी लागते.

रिटर्न लाइन नसलेल्या गाड्यांचं गणित वेगळं. त्यात रेलचा दाब समजा ४ बारवर स्थिर ठेवलेला असतो, आणि १.५ बार बूस्टला इंजेक्टरला प्रत्यक्षात अडीचच बार मिळतात. प्रवाह २१ टक्क्यांनी घटतो, बिघाड काहीही नसताना. ईसीयूने हे हिशेबात धरलं असेल तर प्रश्न नाही. धरलं नसेल तर गाडी बूस्टच्या प्रमाणात लीन जाणारच, आणि पंप कितीही मोठा आणला तरी.

प्रवाह अपुरा ठरला, तरी पंपाआधी मल्टिमीटर. जुन्या गाड्यांत पंपाची मूळ वायर बारीक असते आणि वाटेत अनेक कनेक्टर असतात. मूळ पंपाच्या पाच-सहा अँपिअरला ती पुरते. मोठा पंप दाबाखाली त्याच्या दुप्पट किंवा अधिक मागतो. इंजिन चालू आणि पंप जोडलेला असताना व्होल्टेज पंपाच्या टर्मिनलवरच मोजावं. कनेक्टर काढून मोजलं तर करंट वाहत नसतो आणि कुजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. मग मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी पंपाच्या धन टर्मिनलला: इथे ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. तसंच ऋण बाजूला, तिथे ०.२ च्या आत. अर्थिंगची बाजू मोजायचा कंटाळा केला जातो, आणि रंगावर स्क्रू मारून केलेलं अर्थिंग नेमकं तिथेच सापडतं. १३.५ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर बूस्टच्या दाबावर पंपाचा प्रवाह १० ते २० टक्क्यांनी कमी होऊ शकतो. उपाय साधा आहे: बॅटरीवरून सुमारे ५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, पंपाजवळ रिले, आणि जुन्या वायरला फक्त रिले चालवायचं काम. मूळ पंप वेग बदलणाऱ्या कंट्रोलरवर चालत असेल तर तो कंट्रोलर मोठ्या पंपाचा करंट सोसेल का, ते आधी तपासावं. क्लॅम्प मीटर असेल तर आणखी एक सुगावा मिळतो. पंपाच्या पुढे फिल्टर किंवा नळी तुंबली की करंट वाढतो. पंप हवा ओढत असेल तर कमी होतो.

व्होल्टेज ठीक असेल तर प्रत्यक्ष प्रवाह मोजायचा. आधी गरज किती ते काढू. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२७ किलो पेट्रोल धरतात. ४०० अश्वशक्तीला १०९ किलो, म्हणजे तासाला सुमारे १४७ लिटर. हे बूस्टच्या दाबावर मिळायला हवेत. पंपाच्या डब्यावर छापलेले २५५ लिटर बहुधा ३ बारच्या आसपासचे असतात, साडेचारला ते बरेच खाली येतात. चाचणी इंजिन बंद ठेवून होते: रिटर्न नळी मापाच्या भांड्यात सोडायची, रेग्युलेटरच्या बूस्टच्या तोंडाला गेज असलेल्या हातपंपाने १.५ बार हवा द्यायची म्हणजे रेल ४.५ वर जाते, आणि पंप ३० सेकंद चालवायचा. भांड्यातलं पेट्रोल गुणिले १२० म्हणजे तासाचे लिटर. वरच्या उदाहरणात १.२ लिटर जेमतेम, १.५ असेल तर निर्धास्त. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) चालवायचं असेल तर घनफळाने ३० ते ४० टक्के जास्त धरावं. हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर, शेजारी अग्निशामक ठेवून करायचं. रिले हाताने जोडायचा तो भांड्यापासून लांब, कारण ठिणगी तिथेच पडते.

आकडा कमी आला, तरीही पंप निर्दोष असू शकतो. टाकीच्या आत पंपाला हँगरशी (पंप धरून ठेवणाऱ्या चौकटीशी) जोडणारी एक छोटी नळी असते. तिथे बाहेर वापरायची साधी फ्यूएल होज लावली तर पेट्रोलमध्ये बुडून तिचं बाहेरचं आवरण फुगतं, मऊ पडतं आणि चीर जाते. मग बूस्टच्या दाबावर निम्मं पेट्रोल टाकीतच परत गळतं, बाहेर एक थेंबही दिसत नाही. बुडवून वापरायच्या नळीवर एसएई जे३०आर१० असं छापलेलं असतं. ते नसेल तर ती नळी टाकीत जाऊ नये. फिल्टरचा क्रमही बघावा: पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी, नंतर १० मायक्रॉन. बाहेर बसवलेल्या पंपाच्या आधीच बारीक फिल्टर लावला की पंपाला ओढायला त्रास होतो, आत बुडबुडे होतात आणि तो किंचाळायला लागतो. पंपाचा सूर चढला की कान द्यावा.

फक्त लांब वळणात, टाकी पाव भरलेली असताना दाब पडत असेल, सरळ रस्त्यावर नाही, तर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंपाचं तोंड उघडं पडतंय. त्याला स्वर्ल पॉट किंवा सर्ज टँक (पंपाचं तोंड बुडालेलं ठेवणारी छोटी टाकी) हाच इलाज. तासभर चालल्यावर आणि पेट्रोल तापल्यावरच लक्षण दिसत असेल, तर मोठा पंप गरम रेलवरून पेट्रोल सारखं फिरवून टाकी तापवतोय, आणि वाफ होऊ लागली आहे.

दाबाची रेघ सपाट निघाली तर इंजेक्टरकडे. ७००० आरपीएमला चार स्ट्रोकचं एक चक्र १७.१ मिलिसेकंदांचं असतं. इंजेक्टर १४.६ मिलिसेकंद उघडा असेल तर ड्युटी ८५ टक्के झाली, त्यापुढे त्याला नीट बंद व्हायला वेळ मिळत नाही. वरचे १४७ लिटर चार इंजेक्टरांत वाटून ८५ टक्क्यांचा हिशेब केला तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे ७२० सीसी लागतात. ५५० सीसीचे इंजेक्टर ठेवून पंप वाढवणं म्हणजे बारीक तोटीच्या नळाला मोठी टाकी लावणं. चूक आयडल आणि क्रूझिंगलाच मोठी दिसत असेल, पूर्ण लोडला मिटत असेल, तर इंजेक्टरच्या डेड टाइमचे (इशारा मिळून प्रत्यक्ष उघडेपर्यंतच्या वेळेचे) आकडे चुकीचे भरलेत. मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सा २ मिलिसेकंदांच्या पल्सला १० टक्के असतो, १४ ला दीड टक्काही नाही. दाब सपाट, ड्युटी ७० टक्के, आणि तरीही लॅम्डा एकदम लीनकडे उडी मारून झटका देत असेल, तर प्लग काढा. गॅप ०.९ वरून ०.६५ मिलिमीटर केल्यावर लक्षण गेलं, तर पेट्रोलचा काही संबंधच नव्हता.

थेट इंजेक्शनच्या गाडीत दोन पंप असतात, त्यामुळे दोन लॉग. कॅमवर चालणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाचा प्रत्यक्ष दाब लक्ष्याखाली गेला की आधी खालचा, टाकीकडचा दाब बघायचा. तोही पडला असेल तर दुखणं खाली आहे. खालचा टिकून वरचा पडत असेल तर उच्च दाबाचा पंप किंवा त्याचा फॉलोअर (कॅम आणि पंप यांच्यामधला भाग). फोक्सवॅगनच्या ईए११३ टर्बो इंजिनात तो फॉलोअर झिजणं प्रसिद्धच आहे.

आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच जुन्या बूस्टवर जाऊ नये. आधीचं ट्यून पडत्या दाबावर केलं असेल, तर पेट्रोलच्या तक्त्यात जास्त बूस्टच्या रकान्यांत कोणीतरी दहा-बारा टक्के पेट्रोल जास्तीचं भरून ठेवलेलं असतं. फरक पुन्हा ३ बारवर आला की तीच गाडी ०.७० ला धावते, काळा धूर सोडते आणि मिसिंग करते. बेस प्रेशर नळी काढून एकदा तपासायचं, वेस्टगेटच्या स्प्रिंगवर एक लॉग घ्यायचा, ते रकाने उतरवायचे, मगच बूस्ट वर.